जहाज बांधणे आणि जहाज राखणे



गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ने १९८१ साली हिंदी महासागराच्या तळातून धातूंचे गोटे वर काढले. २०१४ साली त्याच संस्थेच्या सेवेत आलेले ‘सिंधू साधना’ तर आपल्या सुरतेत बांधलेले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण जहाज बांधून भागत नाही. ते बंदरात उभे असले तरी खलाशांचा पगार, गंजणारा पत्रा, यंत्रांची दुरुस्ती चुकत नाही. बांधणारी कंपनी २०१९ साली अवसायनात निघाली. जहाजाचा खर्च थांबला नाही.

आपल्या वास्तूचेही तसेच आहे. देणगीदाराचे नाव कोनशिलेवर लागते, डागडुजीवर लागत नाही. म्हणून या महोत्सवी वर्षात दुरुस्तीसाठी कायमनिधी उभारावा, अशी आम्ही नम्र विनंती करतो.