भट्टीच्या दाराची दोरी कशाने चिकटवायची?



पापनाशम हे तंजावर आणि कुंभकोणमच्या मधलं, कावेरीच्या खोऱ्यातलं भाताचं गाव. इथल्या तिरुपालैत्तुरैच्या देवळात नायकांच्या काळातलं विटांचं धान्यकोठार आजही उभं आहे. या मुलखात तांदूळ उकडायला वाफ लागते, वाफेला भट्टी, आणि भट्टीत जळतं भाताचं तूस. भट्ट्यांची दुरुस्ती हे माझं काम. मला नेहमी विचारतात, दाराची गॅस्केट दोरी बदलली, ती कशाने चिकटवू?

आधी एक गोष्ट पक्की करा. धूर अडवते ती दोरी, गोंद नव्हे. दार आवळलं की दोरी दबते आणि फट बुजते. दार उघडताना दोरी खाचेतून निसटू नये, एवढंच गोंदाचं काम. म्हणून भरपूर गोंद थापला तर नुकसानच होतं. तो दोरीत मुरतो, दोरी दगडासारखी होते आणि दबत नाही. मग फटीतून गार हवा आत जाते, तूस जास्त जळतं. धुराड्याची ओढ कमी झाली की धूर आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर येतो. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. समोर उभा असलेला भट्टीवाला तो श्वासात घेतो.

आता निवड. सुतारी गोंद इथे जळून जातो. लाल सिलिकॉन लवचिक असतं, पण साधारण 300 अंशांपर्यंतच. दाराला आतून विटांचं अस्तर असेल आणि खाच ज्वाळेपासून लांब असेल, तर ते चालतं. खाचेला थेट आच लागत असेल, तर सोडियम सिलिकेटचं भट्टी-सिमेंट घ्या. आच ते सोसतं, पण कडक असतं. म्हणून पातळ थर, तोही फक्त खाचेच्या तळाशी. ते पाण्यात विरघळणारं असतं. पावसाळ्यात रात्रभर सुकू द्या, मग मंद आच द्या. एकदम पेटवलंत तर फुगून सुटतं.

जुनी दोरी काढताना जपा. ती ॲस्बेस्टॉसची असू शकते, आणि ॲस्बेस्टॉसने कर्करोग होतो. कोरडी खरवडू नका. पाण्याने भिजवा, योग्य मास्क लावा, पिशवीत बंद करा. खाच स्वच्छ करा, नवी दोरी न ताणता बसवा.

शेवटी भट्टी गार असतानाच कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. पट्टी सहज निघाली, तर तिथे दाब नाही. बिजागरी आणि कडी आधी नीट करा. ते काम गोंद करणार नाही.

हे सगळं फक्त आगीच्या दारासाठी. वाफेच्या दाबाखालच्या झाकणांना हा गोंद लावू नका, तिथे बॉयलरचा जाणकारच हवा.

कोकणातल्या उकड्या तांदळाच्या भट्टीलाही हेच लागू. प्रश्न असतील तर विचारा.