सवलत आपल्याला, नकार लेकराला?

(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



शाळेचा विषय निघाला की आपल्या सभेत बोलणे मराठीच्या तासावर आणि घटत्या पटावर येऊन थांबते. आज आम्ही जी मुले पटावर येतच नाहीत, त्यांच्याबद्दल बोलणार आहोत.

मागच्या वर्षी आपल्यातल्याच एका घरातल्या सहा वर्षांच्या मुलाला दोन खासगी शाळांनी परत पाठवले. त्याला कमी ऐकू येते. कोणी अपमान केला नाही. "आमच्याकडे तशी सोय नाही," एवढेच सांगितले. आई-वडील आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही कायदा उघडून बसलो. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12 प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गात किमान 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या असतात. 2012 च्या दुरुस्तीने अपंग मुलेही वंचित घटकात आली. या मुलांची फी सरकार शाळेला देते. पण किती? सरकारचा स्वतःच्या शाळांत एका मुलामागे होणारा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती.

मेख इथेच आहे. ही रक्कम सर्वसाधारण मुलाच्या हिशेबाने ठरते. श्रवणयंत्र, रॅम्प, ब्रेल पुस्तके, विशेष शिक्षक यांचा जादा खर्च त्यात धरलेलाच नाही. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांची तरतूद ठेवली गेली, पण ती सरकारी व अनुदानित शाळांसाठी. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाच्या वाट्याला ती येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक वर्गांत अशा 10 मुलांमागे आणि वरच्या वर्गांत 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. समजा, त्या शिक्षकाला महिना 25,000 रुपये दिले, तर वर्षाचे 3 लाख झाले. दहा मुलांत वाटले तर मुलामागे 30,000. 3,500 रुपये मिळाले असते तरी हा त्याचा आठवा हिस्साही होत नाही. उरलेला पैसा कोणी घालायचा, याचे उत्तर नाही, म्हणून "सोय नाही" हे उत्तर मिळते.

आता आपल्या घरचे बोलू. 2002 च्या टी. एम. ए. पै खटल्यात भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरेल, असा निकाल लागला. म्हणून मध्य प्रदेशात मराठी माणूस भाषिक अल्पसंख्याक आहे. 2014 च्या प्रमाती निकालाने अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. 2025 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठापुढे जावा असे सुचवले. न्यायालयाचे काय ते न्यायालय पाहील. प्रश्न आपला आहे. भाषा टिकावी म्हणून मिळालेली सवलत, आपल्याच भाषेत बोलू पाहणाऱ्या लेकराला दारात अडवायला वापरायची का?

अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत. मान्यताप्राप्त शाळांत भेदभाव न करता प्रवेश मिळावा यासाठी सरकारने झटावे, असे तो सांगतो. 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही तो देतो. शिक्षण हक्काची मर्यादा 14 वर्षांची, ही 18 ची. हा फरक पालकांनी लक्षात ठेवावा.

म्हणून आमचे तीन आग्रह आहेत. पहिला सरकारकडे: परतफेडीची रक्कम मुलाच्या गरजेप्रमाणे ठरवावी आणि पैसा मुलाच्या मागे जावा, मग शाळा सरकारी असो की खासगी. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे विचारावे. दुसरा आपल्या शाळांच्या विश्वस्तांकडे: कायद्याची सक्ती असो वा नसो, प्रत्येक वर्गात अशा मुलांसाठी जागा ठेवावी आणि दोन-तीन शाळांनी मिळून एक विशेष शिक्षक नेमावा. तिसरा पालकांकडे: प्रमाणपत्र काढण्यात लाज कसली? मूल लपवले तर हक्कही लपतो. प्रवेशाचा नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. कागद हातात असला म्हणजे मंडळाला तुमच्या बाजूने भांडता येते.

आपले पूर्वज होळकर-शिंद्यांच्या काळात इकडे आले, घरे बांधली, मग शाळा काढल्या. "परक्या मुलखात आपल्या मुलांची सोय नाही" हेच तर त्या शाळांचे कारण होते. तेच वाक्य आज आपल्याच एखाद्या शाळेच्या तोंडी येऊ नये, एवढेच आमचे मागणे.