टाका पक्का, पण कापडाचे काय?

(बडोद्यातील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



गणरायाला वंदन करून आम्ही आजचा विषय मांडतो. विषय थोडा रुक्ष आहे: लोखंडी सांगाड्यातील ब्रेसिंगचा वेल्डिंगने केलेला जोड. पण महाराज सयाजीरावांनी १८९० साली जिथे कलाभवन काढले, त्या गावाला तो परका नाही. आपल्या कित्येक घरांतले कोणी ना कोणी कारखान्यात, फॅब्रिकेशनमध्ये किंवा बांधकामात आहे. २६ जानेवारी २००१ चा भूकंपही इथल्या मंडळींच्या स्मरणात आहे.

वारा किंवा भूकंप शेडला आडवा ढकलतो, तेव्हा तो जोर पायापर्यंत नेण्याचे काम तिरप्या ब्रेसिंगचे. बहुधा दोन अँगल एका गसेट प्लेटच्या दोन्ही अंगांना वेल्ड केलेले असतात. म्हणजे दोन्ही अँगलची सगळी ओढ त्या एका प्लेटमधून जाते. जोड पाहणारा मात्र आधी वेल्ड पाहतो. भार जास्त आहे असे कळले, की ‘अजून एक थर मारा’ म्हणतो.

आजीच्या गोधडीचे उदाहरण घ्या. विरलेल्या लुगड्याला नव्या बळकट दोऱ्याने टाके घातले, तर टाका तुटत नाही. टाक्याच्या कडेने कापड फाटते. वेल्ड हा टाका आणि प्लेट हे कापड.

आता थोडे आकडे. आयएस ८०० या २००७ च्या संहितेप्रमाणे, नेहमीच्या २५० प्रतीच्या पोलादावर कारखान्यात केलेला ६ मिलिमीटरचा वेल्ड प्लेटच्या दोन्ही अंगांना समोरासमोर असेल, तर १०० मिलिमीटर लांबीत तो सुमारे १६ टन ओढ घेतो. पण त्या रेषेलगत १० मिलिमीटर जाडीची प्लेट कातरबळाखाली सुमारे १३ टनच घेते. वेल्ड ८ मिलिमीटरचा केला, तर वेल्डची ताकद २१ टनांच्या वर जाते. प्लेटची १३ टनच राहते. खर्च वाढला, उष्णतेने प्लेट वाकण्याचा धोका वाढला, जोडाची ताकद वाढली नाही. ढोबळ नियम असा, की समोरासमोर वेल्ड असतील तेव्हा प्लेटची जाडी वेल्डच्या मापाच्या दुप्पट हवी. तेवढी नसेल, तर जोडाची ताकद प्लेटवरून मोजावी, आणि वेल्ड जाड करण्याऐवजी लांब करावा किंवा प्लेट बदलावी.

एवढ्याने तपासणी पुरी होत नाही. अँगलच्या पात्याचाही असाच हिशेब करावा. अँगलखालचा प्लेटचा तुकडाच्या तुकडा निघून येईल का, हे पाहावे. तिथे टोकाच्या आडव्या रेषेचा जो आधार मिळतो, तो त्याच हिशेबात धरावा. शिवाय ओढ वेल्डच्या सुरुवातीपासून दोन्ही बाजूंना ३० अंशांनी पसरते आणि वेल्डच्या शेवटी जेवढी रुंदी होते तेवढीच प्लेट कामाची धरायची, ही व्हिटमोर यांनी १९५२ मध्ये मांडलेली रीत आजही वापरतात. ब्रेसिंग दाबाखाली असेल, तर प्लेट बाहेर वाकणार नाही ना, हेही पाहावे.

हे सारे कागदावरचे नाही. १ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल कोसळला आणि १३ माणसे गेली. १९६७ मध्ये खुल्या झालेल्या त्या पुलाच्या काही गसेट प्लेट अर्धा इंच, म्हणजे हव्या होत्या त्याच्या सुमारे निम्म्याच जाडीच्या होत्या. ते जोड रिव्हेटचे होते, वेल्डचे नव्हते. पण मधल्या काळात पुलाच्या ताकदीचे हिशेब झाले, त्यांत मुख्य दांडे मोजले गेले आणि गसेट प्लेट राहून गेल्या. चाळीस वर्षे कापडाकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

म्हणून एवढीच विनंती. कारखान्याची शेड असो की सभागृहाचे छप्पर, काम हाती घेताना अभियंत्याला विचारा: ‘वेल्डचा हिशेब दाखवलात, प्लेटचा कुठे आहे?’ आणि आपल्या घरातले तरुण हेच काम करत असतील, तर हा प्रश्न कोणी विचारण्याआधी त्याचे उत्तर त्यांच्या कागदावर तयार असावे. त्या छपराखाली माणसे बसणार आहेत.

गणपती बाप्पा मोरया!