थर वेगळे राहू द्या


आपल्या कळंबात बोअर मारताना तुम्ही पाहिलं असेल.
कातळ लागेपर्यंत केसिंग पाइप उतरवतात.
कशासाठी?
वरचं गढूळ पाणी आत शिरू नये म्हणून.

तेलाच्या विहिरीतही हेच जपतात.
थर वेगळे ठेवायचे.

अरबी समुद्रात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे.
१९७४ साली ‘सागर सम्राट’ रिगने तिथे तेल शोधलं.
ते तेल आपल्याच रायगडात, उरणला येतं.

जमिनीखाली तेल, वायू आणि पाणी जवळजवळच्या थरांत असतं.
नको त्या थरातलं पाणी विहिरीत आलं,
की तेल कमी मिळतं.

म्हणून आत ‘पॅकर’ बसवतात.
पॅकर म्हणजे रबराचं जाड कडं.
आतली नळी आणि बाहेरचा पाइप,
यांच्यामधली फट ते बुजवतं.

काही पॅकरमध्ये सरकणारे भाग असतात.
एखादा भाग अडकला, की काम अडतं.

आता फुगणारे पॅकरही आहेत.
तेल किंवा पाणी लागलं,
की त्यांचं रबर हळूहळू फुगतं.
फट आपोआप बंद होते.
भाग कमी, म्हणून बिघाडही कमी.

श्रोतेहो, बोअर तुमचीही असेल.
केसिंग कातळात पक्कं बसवून घ्या.
भोवतीची फट सिमेंटने बुजवा.
थर वेगळे राहिले,
तर पाणी स्वच्छ राहील.