मुलांस कर्सिव्ह सक्तीचे असावे काय?



फिनलंडने २०१६ साली शाळांतील कर्सिव्हची सक्ती उठविली. उलट कॅलिफोर्नियाने २०२३ साली कायदा करून पहिली ते सहावीच्या मुलांस ते शिकविणे बंधनकारक केले. आपण काय करावे? आपलीही एक जोडून लिहावयाची लिपी होती. ती मोडी विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली. आज पणजोबांच्या जमिनीचा कागद पेटीत असूनही तो वाचावयास जाणकार शोधावा लागतो. म्हणून आमचे मत असे की, कर्सिव्ह वाचावयास प्रत्येक मुलास आले पाहिजे, व त्यासाठी ते एक वर्ष गिरवून घ्यावे. पुढे ज्याचा हात सुट्या अक्षरांतच सुवाच्य चालतो, त्याचे गुण मात्र कापू नयेत. शिक्षकांनी व आईबापांनी याचा विचार करावा, ही विनंती.