वजनकाटा आणि रक्ताचा कर्करोग
(एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. तरीही आज एका आजाराविषयी बोलणार आहे, कारण त्यात गणित आहे. आणि गणित समजले की भीती थोडी कमी होते.

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. हाडांच्या आतील मगजात रक्त तयार होते. तेथे बिघडलेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या की चांगल्या पेशींना जागा उरत नाही. मग थकवा येतो, वारंवार ताप येतो, हिरड्यांतून रक्त येते, कधी वजनही घटते. घरातले कर्ते माणूस असे खंगू लागले तर ‘नजर लागली’ म्हणून स्वस्थ बसू नका. रक्त तपासून घ्या.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. अशा रुग्णालयात उपचारापूर्वी रुग्णाची उंची व वजन नोंदवतात. ते कशासाठी? अनेक औषधांची मात्रा शरीराच्या पृष्ठफळावरून ठरते. मुलांनो, वही काढा. सेंटीमीटरमधील उंचीला किलोतील वजनाने गुणा, ३६०० ने भागा आणि वर्गमूळ काढा. उंची १६०, वजन ९० असेल तर उत्तर बरोबर २ चौरस मीटर. वजन ५१ असेल तर सुमारे दीड. म्हणून अंदाजाने वजन सांगू नये, काट्यावर उभे राहावे.

पूर्वी जाड रुग्णाला झेपणार नाही या भीतीने पुष्कळदा मात्रा कमी केली जाई. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली प्रत्यक्ष वजनानुसार पूर्ण मात्रा द्यावी अशी शिफारस केली, विशेषतः जेथे रोग बरा करण्याचा हेतू आहे तेथे. औषध कमी पडले तर रोग उरतो.

तरीही लठ्ठपणाचा प्रश्न राहतोच. तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकाराच्या १७ ते ३९ वयाच्या २९५ रुग्णांचा अमेरिकन अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात लठ्ठ रुग्णांना उपचाराचे फळ तुलनेने कमी मिळाले. अ‍ॅस्पॅराजिनेज या औषधाचा त्रास लठ्ठ प्रौढांच्या यकृताला अधिक होतो, हेही दिसले आहे. मायलॉइड प्रकारात मात्र सर्व अभ्यास एकमुखाने बोलत नाहीत. तेव्हा जाड माणसाने आजार ओढवून घेतला, असा अर्थ कुणी काढू नये.

दुसऱ्या टोकाला कुपोषण आहे. उपचारात तोंड येते, उलट्या होतात, अन्न नकोसे वाटते. अंगातील मांस झडले की शक्ती जाते आणि संसर्गाशी झुंजणे अवघड होते. अशा वेळी शेजारीपाजारी सांगतात, ‘कर्करोगाला उपाशी मारा, साखर तोडा, दूध तोडा.’ हे ऐकू नका. वजन उतरवण्याची ही वेळ नव्हे. डाळ, अंडी, दही, मासे यांपैकी काय व कसे द्यायचे ते रुग्णालयातील आहारतज्ज्ञांना विचारा. अन्न ताजे व पुरते शिजवलेले, पाणी उकळलेले असावे. रमजानात आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, ती त्याने निःसंकोच घ्यावी. घरच्यांनीही त्याला ओशाळे करू नये.

निरोगी माणसांसाठीही एक शब्द. आपल्या वस्तीत दाराशी रिक्षा आहे आणि संध्याकाळी नाक्यावर तळण आहे. थोडे चाला, थोडे कमी तळा. आणि घरात कुणी आजारी असेल तर दर आठवड्याचे वजन तारखेसह वहीत लिहा. ते काम दहावीचा मुलगा किंवा मुलगी सहज करील. डॉक्टरांपुढे ती वही उघडली की तुमच्या शिक्षणाचे चीज झाले, असे मी समजेन.