देवळाच्या पाठीमागे



आज पदवी घेतलेल्या हिंगोलीच्या पोरांना औंढ्याच्या नागनाथाची गोष्ट सांगणं म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देणं. तरी सांगतो. नरसीचे नामदेव महाराज कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागे पिटाळलं. ते मुकाट मागे गेले, तिथं गायला लागले, आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी तेवढा होता तिथंच राहिला, म्हणून आजही तो मागच्या बाजूला आहे, असं आपली आजी सांगते. खरं-खोटं करायला मी आलेलो नाही. पण कॅमेरा घेऊन कुठं उभं राहायचं, हे मला या गोष्टीनं शिकवलं. मागे कुणाला पिटाळलंय ते आधी बघायचं.

शेजारच्या अकोल्यात 1966 साली जन्मलेले सुधारक ओलवे नेमकं हेच करत आले आहेत. मुंबईत जे.जे. कला संस्थेत शिकले, वर्तमानपत्रांत छायाचित्रकार झाले. त्या नोकरीत मंत्री, नट, खेळाडू रोज समोर येतात. तेवढ्यावर आयुष्य सुखात निघतं. ओलवे महापालिकेच्या सफाई कामगारांमागे गेले. गटारात उतरणारा, कचऱ्याच्या ढिगात कमरेइतका रुतलेला माणूस, त्याचं घर, त्याची दारू, त्याची बायको, त्याचं आजारपण. कृष्णधवल फोटो. हे कामगार जवळपास सगळे दलित आहेत, आणि ओलवे त्याच समाजातून आलेले. त्यामुळे त्या चौकटींत कीव सापडत नाही. कामगार थेट तुमच्या डोळ्यांत बघतो, आणि मान आपली खाली जाते. वर्षानुवर्षं ते त्यांच्यात जात राहिले. पुढं ते फोटो देशाबाहेरच्या प्रदर्शनांत लागले, 2016 साली ओलवेंना पद्मश्री मिळाली. पुरस्काराचं मला कौतुक आहे. पण ज्या वर्षांत कुणी विचारत नव्हतं, तेव्हा ते तिथं का जात राहिले, याचा विचार मी जास्त करतो.

आपल्या भागात मात्र फोटो आला तोच मुळी समोरच्या दारानं. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. सहाव्या निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ नावाचे थोर छायाचित्रकार होते. महाल, शिकारी, सरदार, सगळं त्यांनी अप्रतिम टिपलं. मी त्यांच्या प्रकाशाचा भक्त आहे. पण त्याच काळात सेनगावात किंवा कळमनुरीत नांगर धरणारा तुमचा खापरपणजोबा कसा दिसत होता? तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्याचा फोटो असेल तर मला जरूर दाखवा.

मागे जाऊन थांबायला धीर लागतो, आणि धीराबद्दल बोलायचं तर दादासाहेब फाळके. लोक त्यांना सिनेमाचे जनक म्हणतात, पण त्याआधी ते गोध्र्यात फोटोचं दुकान चालवणारे गृहस्थ. 1900च्या प्लेगात तिथं बायको आणि मूल गेलं. पुढं बडोद्यात पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी आवई उठली. गिऱ्हाईक येईना. 1912मध्ये सिनेमासाठी भांडवल हवं होतं, तेव्हा त्यांनी वाटाण्याचा दाणा कुंडीत पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर काही क्षणांत रोप वर आलं, आणि पैसेवाल्यांचा विश्वास बसला. आपण मोबाइलवर एका मिनिटात चाळीस फोटो काढतो. त्यातला एकही वाटाणा उगवेपर्यंत थांबत नाही.

आता पोटाचं. कला करायची म्हणून लग्नाच्या ऑर्डरींना नाक मुरडू नका. लग्नसराईत माझंही घर चालतं. हळदीच्या मांडवात रडणारी मावशी आणि जेवणाची पंगत उठवणारा मामा ज्याला टिपता येतो, त्याला पुढं काहीही टिपता येतं. ॲडव्हान्स घ्या, दर आधी बोला, उधारीचा अल्बम देऊ नका. हे कुठल्याही अभ्यासक्रमात नाही म्हणून सांगून ठेवतो.

आणि विषय शोधायला मुंबईला पळायची गरज नाही. वसमतच्या हळदीला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून मार्केट यार्डातल्या पिवळ्या ढिगांचे फोटो सगळीकडे फिरतात. छान दिसतात. पण शेतात ती हळद वेचणाऱ्या बाया, ती शिजवताना वाफेत उभा राहणारा गडी, पोतं पाठीवर घेणारा हमाल? त्यांच्यापैकी एकाकडे एक हंगाम जा. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू द्या. विचारून काढा. नको म्हणाले तर नको. आणि काढलात तर छापून नेऊन द्या. आमच्या पेशात अनेकांना या शेवटच्या कामाचा विसर पडतो, आणि माणसाचा घेतलेला फोटो त्यालाच कधी दिसत नाही.

एवढंच. बाहेर पटांगणात आमचाच एक भाऊबंद कॅमेरा घेऊन थांबलाय. झगे उतरवायच्या आधी आई-वडिलांना मधे उभं करा, त्याचे पैसे रोख द्या, आणि फोटो कागदावर मागून घ्या.